काळ्या पडद्यावरचा तपासनीस आणि मजुरीतले पैसे

हिशेबाची वही आणि कापड मोजण्याचा गज, या दोन गोष्टींवर व्यापाऱ्याची पत उभी असते. गज पुरा आहे की आखूड, हे गिऱ्हाईक स्वतः मापून पाहू शकते. वहीत चूक असेल तर मुनिमाला समोर बसवून बेरीज पुन्हा करता येते. परंतु आज आपल्यापैकी कित्येकांची वही संगणकात गेली आहे आणि तिच्यातली बेरीज-वजाबाकी घरातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाने लिहून दिलेला प्रोग्राम करतो. तो प्रोग्राम कोण तपासतो? आमच्या ओळखीच्या पेढ्यांवर आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले : कोणी नाही.

आमच्या पेढीवरही तेच होते. त्याची किंमत आमच्याआधी दुसऱ्यांनी मोजली. ती हकीकत व्यापारी आणि कारागीर बंधूंना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

चिठ्ठी आणि मशीन

आम्ही मालेगावात कोऱ्या कापडाचा व्यापार करतो. अलीकडे थोडे तयार कपडेही ठेवतो. कापडात सूत आमचे, माग कारखानदाराचे आणि विणाईची मजुरी मीटरवर, असा व्यवहार आहे. मीटरचा दर पिकावर निघतो. म्हणजे इंचात जितके आडवे धागे, त्याला पिकाच्या दराने गुणायचे. हा हिशेब करणारा प्रोग्राम आमच्या भाच्याने २०२२ साली पायथन या भाषेत लिहून दिला. त्यानंतर तीन वर्षे कोणाची तक्रार नाही, अशी आमची समजूत होती.

तक्रार होती, आम्ही ऐकत नव्हतो. चोवीस माग चालविणारे एक वयस्क कारखानदार आमचे काम करतात. ते आजही प्रत्येक ताक्याची नोंद उर्दूत कागदाच्या चिठ्ठीवर करतात. जुम्याला माग बंद असतात, म्हणून जुमेरातीच्या संध्याकाळी हिशेब होतो. हिशेबाला बसले की ते म्हणत, "सेठ, माझ्या चिठ्ठीत आणि तुमच्या मशीनमध्ये सत्तर-ऐंशी रुपयांचा फरक येतो." आम्ही हसून सांगत असू, "चाचा, मशीन चुकत नाही. तुमचीच बेरीज पुन्हा करा."

ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून आणल्या आणि गादीवर ठेवल्या. तोंडाने काही बोलले नाहीत. त्या रात्री आम्ही भाच्याला बोलावून सांगितले, "बेटा, प्रोग्राम तपास."

दुसऱ्या डोळ्यांची गरज

एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचून तपासावा, ही रीत जुनी आहे. आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ साली तिची शिस्तबद्ध पद्धत लेखात मांडली. मोठ्या कंपन्यांत आज दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय बदल पुढे जाऊ देत नाहीत. पण छोट्या पेढीवर लिहिणारा एकच असतो. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, हे ज्याने रोजमेळ लिहिला आहे त्याला सांगायला नको.

भाचा म्हणाला, "मामू, आता वाचणारे मशीन आले आहे." त्याने लॅपटॉपवर काळा पडदा उघडला. त्यावर चित्रे नाहीत, बटणे नाहीत, नुसते टाइप करायचे. ज्यांनी पूर्वी डॉसवर फॉक्सप्रो चालविले आहे, त्यांना हा पडदा ओळखीचा वाटेल. फरक असा की पूर्वी ठरलेले हुकूमच चालत, आता साध्या भाषेत विचारता येते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक उत्तर देतो. अशा सहायकांपैकी एडर २०२३ साली आला. २०२५ मध्ये अँथ्रोपिकचा क्लॉड कोड, ओपनएआयचा कोडेक्स आणि गूगलचा जेमिनी सीएलआय असे तीन आले. यांपैकी कोणाची जाहिरात करण्याचा आमचा हेतू नाही. पद्धत जवळपास सारखी आहे, आणि प्रश्न पद्धतीचाच आहे.

फाइल देण्याच्या चार तऱ्हा

सहायक आपल्या मनातले वाचत नाही. त्याच्यापुढे जे ठेवू तेवढेच तो पाहतो. पुढे ठेवण्याच्या तऱ्हा आम्हाला चार दिसल्या.

पहिली तऱ्हा उभ्या रेघेची. एका हुकुमाने फाइल वाचायची, मध्ये उभी रेघ द्यायची आणि रेघेपलीकडे सहायकाचे नाव व आपला सवाल लिहायचा. डावीकडून निघालेला मजकूर उजवीकडे जातो. ही युक्ती बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांची. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये बसविली. आपल्या धंद्यात वॉर्पिंगचा माल सायझिंगला जातो आणि सायझिंगचा बीम मागावर चढतो, तसाच हा प्रकार.

दुसरी तऱ्हा सवालातच फाइलचे नाव लिहिण्याची. क्लॉड कोड आणि जेमिनी सीएलआयमध्ये नावाआधी ईमेलमधले अ‍ॅट चिन्ह घातले की ती फाइल सोबत जाते.

तिसरी तऱ्हा फक्त बदल देण्याची. प्रोग्रामच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारे गिट नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केले. कालपासून आजपर्यंत कोणत्या ओळी बदलल्या, तेवढ्याच ते काढून देते. रोजच्या तपासणीला हे बरे. पण जुनी चूक शोधायची तर हे अपुरे पडते. मागील शिल्लक नसलेले वहीचे एकच पान मुनिमाला द्यावे, तसे होते.

चौथी तऱ्हा सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची. सहायकाला पूर्ण फोल्डरमध्ये बसवायचे आणि म्हणायचे, काय हवे ते उघडून पाहा. भाच्याने पहिल्या रात्री हीच तऱ्हा धरली.

पहिला तजुर्बा : सगळा गठ्ठा

फोल्डरात सुमारे तीनशे फाइली होत्या. प्रोग्राम, जुन्या प्रती, छपाईचे नमुने, सगळे एकत्र. सवाल एका ओळीचा होता : "हा कोड तपास." उत्तर लांबलचक आले. अमुक नाव बदला, तमुक ठिकाणी टीप लिहा, येथे एकच काम दोनदा केले आहे, अशा तीसएक सूचना. एकही सूचना खोटी नव्हती. पण चाचांच्या चिठ्ठीतल्या फरकाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही यंत्रे मजकुराचे लहान तुकडे करून वाचतात. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. एका वेळी किती टोकन समोर राहू शकतील याला मर्यादा असते. इंग्रजीच्या मानाने देवनागरी मजकुराला जास्त टोकन लागतात. वापरानुसार आकार घेणाऱ्या सेवेत जितके टोकन, तितका पैसा. शिवाय मर्यादेत बसले म्हणजे सारखेच लक्ष गेले, असेही नाही. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची गोष्ट यंत्राला चांगली सापडते, मधली निसटते, असे २०२३ च्या एका अभ्यासात दिसून आले होते. नवी यंत्रे सुधारली आहेत, तरी गठ्ठा जितका मोठा तितके लक्ष पातळ, हा अनुभव येतो.

दुसरा तजुर्बा : तीन कागद आणि एक सवाल

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः शेजारी बसलो. आम्हाला पायथन येत नाही, पण तपासणीला काय लागते ते येते. आम्ही भाच्याला म्हणालो, "मुनिमाला आपण पूर्ण कपाट देतो का? वादाचे पान देतो, दर देतो आणि समोरच्याची चिठ्ठी देतो."

तेव्हा तीनच गोष्टी दिल्या. मजुरी काढणारी एक फाइल, दराचा तक्ता आणि चाचांच्या चिठ्ठीवरून हाताने उतरविलेले दहा ताके, त्यांच्या उत्तरासह. सवालही नेमका केला : "या दहा ताक्यांची मजुरी हाताच्या हिशेबाने इतकी येते आणि प्रोग्रामने इतकी येते. फरक कोणत्या ओळीत पडतो ते दाखव. दुसरी कोणतीही सूचना करू नकोस. फाइलीत बदल करू नकोस."

उत्तर मिनिटभरात आले, एका ओळीवर बोट ठेवून.

नऊ दशांश पैशाची गोष्ट

चूक अशी होती. नमुना म्हणून ५४ पिकाचे कापड घेऊ, पिकाचा दर ८.३५ पैसे. गुणाकार ४५०.९ पैसे, म्हणजे मीटरला साडेचार रुपयांच्या किंचित वर. प्रोग्राम येथेच अपूर्णांक कापून टाकत होता आणि ४५० पैसे धरत होता. मीटरने गुणणे त्यानंतर होत होते. शंभर मीटरच्या ताक्याची मजुरी ४५० रुपये ९० पैसे व्हायला हवी, ती ४५० रुपये होत होती. ताक्यामागे ९० पैसे गेले.

पायथनमध्ये संख्येचा पूर्णांक करण्याचा जो सोपा हुकूम आहे, तो जवळच्या आकड्याकडे नेत नाही, अपूर्णांक सरळ कापतो. भाच्याने २०२२ मध्ये हे लिहिले तेव्हा दर असे होते की अपूर्णांक उरतच नसे. एप्रिल २०२४ पासून आम्ही पैशाच्या अपूर्णांकातले दर सुरू केले आणि कात्री चालू झाली. प्रोग्राम तोच, दर नवे, आणि कोणी पाहिले नाही.

आता चोवीस मागांचा हिशेब करा. मागाला दिवसाचे ६० मीटर धरले तर १,४४० मीटर. मीटरला ०.९ पैसा म्हणजे दिवसाचे १२ रुपये ९६ पैसे. सहा दिवसांचे ७७ रुपये ७६ पैसे. चाचा दर आठवड्याला जो सत्तर-ऐंशीचा फरक सांगत होते, तो हाच. महिन्याचे २६ दिवस धरले तर सुमारे ३३७ रुपये आणि दीड वर्षाचे सहा हजारांच्या वर. हा एका कारखानदाराचा हिशेब झाला. आमचे काम करणारे असे अनेक आहेत, आणि त्यांच्या खिशातून निघालेली रक्कम आमच्याच नफ्यात बसली होती. नीयत वाईट नव्हती, हे खरे. पण गज आखूड निघाला की नीयत कोण विचारतो?

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांशापुढचे आकडे कापले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास उतरला होता. चूक सुधारली तेव्हा खरा आकडा १,०९८ च्या वर निघाला. एका वेळी हजाराव्या भागाहूनही कमी कापले जात होते, पण दिवसातून हजारो वेळा.

उपाय सोपा आहे. आधी पूर्ण गुणाकार करावा आणि शेवटी एकदाच रुपया-पैशाला आणावे. सहायकाने आणखी एक सावधगिरी सुचविली. संगणक दशांश संख्या आपल्यासारख्या साठवत नाही. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३ पेक्षा किंचित जास्त येते. म्हणून पैशाच्या कामाला त्या भाषेत वेगळी दशांश पद्धत ठेवलेली आहे, ती वापरावी. तसेच बरोबर अर्धा उरला तर पायथनचा नेहमीचा हुकूम जवळच्या सम आकड्याकडे जातो. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. अर्धा पैसा कोणाच्या बाजूने धरायचा, हे मशीनने ठरवायचे नाही. आम्ही कारखानदारांना विचारले आणि त्यांच्या बाजूने धरायचे ठरविले.

तपासनीसही चुकतो

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सर्व काम यालाच सोपवावे. तसे करू नये. दुसऱ्याच आठवड्यात त्याने आमची बरोबर गोष्ट चूक ठरविली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीत बदल झाला. ५ टक्के कराची मर्यादा नगाला १,००० रुपयांवरून २,५०० रुपये झाली आणि त्याहून महाग मालावर १२ ऐवजी १८ टक्के लागू झाला. भाच्याने बिलाच्या फाइलीत हे आकडे घातले होते. सहायक म्हणाला, मर्यादा चुकली आहे, १,००० करा. बोलण्यात कोठे शंका नव्हती. यंत्राचे शिक्षण एका तारखेपर्यंतचे असते. त्यानंतरचा कायदा त्याला कोणी दाखविल्याशिवाय ठाऊक नसतो. आमच्या कर सल्लागाराने दिलेले परिपत्रक सोबत जोडले, तेव्हा त्याने लगेच माघार घेतली. परिपत्रक जोडले नसते आणि आम्ही मान डोलावली असती, तर दीड हजाराच्या कुर्त्यावर चुकीचा कर लागला असता.

म्हणून दोन नियम केले. दर, कर आणि मुदत हे आकडे यंत्राकडून घ्यायचे नाहीत, त्याला द्यायचे. आणि त्याने दाखविलेली चूक दहा ताक्यांच्या हाताच्या हिशेबाशी जुळविल्याशिवाय मानायची नाही. त्याच्या दाव्याला त्याचीच साक्ष पुरत नाही.

गिऱ्हाइकाची अमानत

आता आमच्या दुसऱ्या चुकीबद्दल. पहिल्या रात्री जो गठ्ठा दिला, त्यात उधारीची खतावणीही होती. गिऱ्हाइकांची नावे, मोबाईल क्रमांक, बँक खाती. असा सहायक आपल्या लॅपटॉपवर दिसतो, परंतु वाचण्याचे काम साधारणपणे कंपनीच्या दूरच्या संगणकावर होते. तो जी फाइल उघडतो, तिचा मजकूर तेथे जातो. त्या रात्री त्याने कोणत्या फाइली उघडल्या, हे आम्ही नंतर बसून पाहिले. खतावणी उघडली नव्हती. पण हे आपल्या शहाणपणामुळे नव्हे, योगायोगाने झाले.

सॅमसंगसारख्या कंपनीतही २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी आपला कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या देशातही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला आहे. पण कायद्याआधीही, दुसऱ्याची उधारी चौघांत सांगू नये हे बाजाराला ठाऊक होतेच.

आम्ही आता तपासणीसाठी वेगळे फोल्डर केले आहे. त्यात प्रोग्राम असतो आणि बनावट नावांचे दहा-वीस व्यवहार असतात. खतावणी आणि पासवर्डच्या फाइली तेथे नाहीत. ज्यांना काहीच बाहेर जाऊ द्यायचे नसेल, त्यांच्यासाठी ओलामासारखी साधने आहेत. त्यांनी खुली मॉडेले आपल्याच संगणकावर चालविता येतात. मशीन दमदार लागते आणि उत्तरे मोठ्या सेवांइतकी चांगली नसतात, पण कागद घराबाहेर जात नाही.

आणखी एक धोका आहे. बाहेरून आलेल्या फाइलीत कोणी यंत्रासाठीच हुकूम लिहून ठेवू शकतो, आणि यंत्र तो मालकाचा हुकूम समजून बसू शकते. सॉफ्टवेअर सुरक्षेचे काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने अशा धोक्यांच्या २०२५ च्या यादीत हाच पहिला ठेवला आहे. हे सहायक केवळ वाचत नाहीत, परवानगी दिल्यास फाइल बदलतात आणि हुकूमही चालवितात. म्हणून अनोळखी फाइल देऊ नये, प्रत्येक परवानगी वाचून द्यावी, एकदम सगळ्याला होकार देऊ नये, आणि आधी गिटमध्ये जुनी प्रत जपून ठेवावी, म्हणजे परत फिरता येते.

शेवटचा हिशेब

चूक सापडल्यावर एप्रिल २०२४ पासूनचा प्रत्येक ताका नव्या हिशेबाने पुन्हा काढला. पिकाप्रमाणे कोणाचे जास्त निघाले, कोणाचे थोडे. प्रत्येक कारखानदाराला यादी दिली आणि फरक चुकता केला. काहींना याची खबरही नव्हती. एकाने विचारले, "सेठ, मागितले नसताना का देता?" आम्ही म्हणालो, "मागितले होते. आम्ही ऐकले नव्हते."

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे थोडक्यात असे : आपला प्रोग्राम वर्षातून दोनदा आणि दर किंवा कर बदलला की लगेच तपासून घ्या. काळ्या पडद्यावरचा सहायक या कामाला चांगला आहे, पैसाही फार लागत नाही. पण त्याला गठ्ठा देऊ नका, वादाची फाइल द्या. मोघम विचारू नका, हाताने काढलेले उत्तर समोर ठेवून फरक विचारा. आणि कारागीर बंधूंनो, तुम्ही आपली चिठ्ठी लिहिणे सोडू नका. आमच्या प्रोग्रामची चूक यंत्राने दाखविली हे खरे, पण चूक आहे हे चिठ्ठीने आधी सांगितले होते.

चाचांनी पैसे घेतले, मोजले आणि यादीतले ताके आपल्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिले. दोन ताक्यांची तारीख आमच्याकडे चुकली होती, तीही दुरुस्त करविली. आता दर जुमेरातीला पहिले तीन ताके त्यांच्या चिठ्ठीवरून हाताने काढतो, मशीनशी जुळवितो आणि मगच बाकीचा हिशेब पुढे चालतो.